काट्याला लावलेलं कुंकू

खालापूरच्या त्या प्रयोगशाळेत साहेबांच्या खालोखाल मान होता तो काट्याला. माणसांचा नंबर त्यानंतर लागायचा.

काटा म्हणजे एक लाकडी पेटी. तिला पुढून काच, काचेआड पांढरी तबकडी आणि तबकडीवर बारीक काळा काटा. पेटीतून दोन तारा निघत आणि शेजारच्या काचेच्या पेल्यात लोंबणाऱ्या दोन चकचकीत पत्र्यांना जाऊन मिळत. भट्टीतून गळलेलं पाणी पेल्यात घ्यायचं, पत्रे बुडवायचे आणि खटका दाबायचा. पाण्यात खार जितका जास्त तितकी त्यातून वीज जास्त वाहणार आणि काटा पुढे जाणार. पाचावर तांबडी रेघ होती. काटा रेघेच्या आत राहिला की पाणी चांगलं, त्याचं सलाइन करा, बाटल्या भरा, पटकीच्या रोग्यांना पाठवा. रेघ ओलांडली की सगळं पाणी मोरीत. एवढा अधिकार कलेक्टरालाही नसेल.

बेचाळीस साली मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली तेव्हा मालकांनी प्रयोगशाळा उचलून खालापुरात आणली. भाड्याचा बंगला, भोवती दगडी कुंपण, एक लोखंडी फाटक. सामान सगळं जुनंच. पाणी शुद्ध करायची तांब्याची भट्टी तर साहेबांच्याही जन्माआधीची असावी. दर दोन वर्षांनी तिला कल्हई करायची, सांधे लिंपायचे, नळ्या बदलायच्या. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्याला औषधपाणी करावं तसं तिचं चाललेलं. नवी मागवायची सोय नव्हती, कारण लढाई होती. काटाही विलायतेचा, तोही जुना, आणि त्याच्या जोडीचा दुसरा सबंध जिल्ह्यातच काय, पुण्यापर्यंत कुठे नव्हता. म्हणजे काटा सांगेल ते खरं. त्याला खोटं ठरवायला दुसरं काहीच नव्हतं.

हा काटा वाचायचं काम सोनुबाईकडे होतं.

सोनुबाई मूळची कडावची. नवरा कर्जतच्या भातगिरणीत कामाला होता, तो पट्ट्यात सापडून गेला. दिरानं दोन वर्षं घरात ठेवून घेतलं आणि तिसऱ्या वर्षी चुलीपाशी बसून, भाकरी मोडता मोडता सांगितलं, "वयनी, आता तुमचं तुमी बघा." तिनं बघितलं. बाटल्या धुवायला बायका हव्यात असं कळल्यावर ट्रंक डोक्यावर घेऊन ती खालापुरात आली. जना आणि जिजा या दोघी गावातल्याच, त्या संध्याकाळी घरी जात. सोनुबाईला घर नाही म्हणून कुंपणाच्या आतच एक खोली मिळाली. खोली कसली, जुना तबेला. पण दाराला आतून कडी होती, आणि ती कडी आपल्या हातानं लावताना पहिल्या दिवशी तिला रडू आलं होतं.

आधी काटा वाचणारा कंपाउंडर लढाईवर गेला तेव्हा साहेबांनी तिला तबकडीवरचे आकडे शिकवले. साहेब पुण्याचे, बुद्धीचे माणूस, बोलायला मऊ. "सोनुबाई, ही पेटी म्हणजे नुसता देह," ते म्हणाले होते. "हे दोन पत्रे आहेत ना, हा याचा जीव. यांना कधी बोट लावायचं नाही." सोनुबाईनं मान हलवली. ती काटा बघून आकडा सांगायची आणि साहेब वहीत लिहायचे. जगात आपला शब्द कुणी लिहून घेतो, ही गोष्ट तिला फार मोठी वाटायची. आणि का वाटू नये?

आता त्या दसऱ्याचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

त्रेचाळीसच्या दसऱ्याला साहेब पुण्याला घरी गेले. जाताना सांगून गेले की यंत्रांची पूजा करून घ्या. भट्टीला त्याच आठवड्यात नवी कल्हई झालेली, ती नवरीसारखी चकाकत होती. जना आणि जिजा आपापल्या घरी सणात. कुंपणात उरले दोघं, सोनुबाई आणि भट्टीचा जाळ सांभाळणारा चांगो. चांगो वरच्या ठाकरवाडीतला, वयानं तिच्याएवढाच, कमी बोलणारा. त्यानं झेंडूच्या माळा ओवल्या, भट्टीला घातल्या, आपट्याची पानं ठेवली, नारळ फोडला आणि वाडीवर निघून गेला.

सोनुबाई काट्याच्या खोलीत एकटीच उभी राहिली. मागल्या साली जिजानं पेटीला हळदकुंकू लावलं होतं. या साली लावणार कोण? सवाष्ण नाही. हिचं कपाळ रिकामं. रिकाम्या कपाळाच्या बाईनं कुंकवाला हात लावायचा नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण वर्षभराचं अन्न ज्याच्या जिवावर, त्याला सणाच्या दिवशी कोरडाच ठेवायचा? तिच्या मनाला ते पटेना. तिनं खोलीत जाऊन ट्रंक उघडली. तळाशी लुगड्याच्या घडीत लग्नातला करंडा होता आणि त्याच्यासोबत मेणाची छोटी पितळी डबी. आधी मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर ढळत नाही. नऊ वर्षं तिनं हे रोज आरशात बघून केलं होतं.

आणि पूजा करायची तर देहाची कशाला, जिवाचीच करावी. पत्रे पाण्यात बुडतात, तेव्हा कुंकू टिकायला हवं, म्हणून तिनं मेण हात न राखता लावलं. दोन्ही पत्र्यांना, दोन्ही बाजूंनी. वर कुंकवाची बोटं ओढली. हात जोडले. खूप वर्षांनी आपल्या हातून काहीतरी शुभ झालं असं तिला वाटलं, आणि ती आनंदानं ओक्साबोक्शी रडली.

दुसऱ्या दिवशी भीती वाटली. साहेब विचारतील, कुंकू कुणी लावलं? जना गावभर करील. तिनं ओल्या फडक्यानं पत्रे पुसून काढले. तांबडं सगळं निघालं. तांबडं नाही म्हणजे काही नाही, असं समजून ती बाटल्या धुवायला बसली. मेणाला रंग नसतो. ते पुसल्यानं जात नाही, पसरतं, आणि पत्र्यातून पाण्यात जाणारी वीज अडवतं. हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि मेणाची बोटं कधी न लावलेल्या पुण्याच्या साहेबांच्या ध्यानात येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर काटा जो खाली आला तो खालीच राहिला. आधी चार, साडेचार असायचा, आता दीड, फार तर दोन. साहेब हरखले. नव्या कल्हईचा गुण म्हणाले. आपण जुन्या भट्टीतून विलायतेच्या तोडीचं पाणी काढतो असं त्यांनी मुंबईला कळवलं. मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं, ते साहेबांनी चौघांनाही वाचून दाखवलं आणि टेबलाच्या खणात जपून ठेवलं.

होळीच्या सुमारास चांगो एकदा जाळ सोडून वर आला. सोनुबाई तेव्हा तिथेच होती.

"साहेब, नळी गुळगुळ करती. आतलं पानी उकळताना उतू जातं नि तसंच नळीत जातं. निसती वाफ नाय जात."

साहेबांनी त्याला खांद्याला धरून काट्यासमोर नेलं. "किती आहे, सोनुबाई?"

"दोन."

"ऐकलंस? उतू गेलं असतं तर हा बारावर गेला असता. तुझ्या कानापेक्षा याचा डोळा बरा आहे. जा, जाळ बघ."

चांगो गेला. सोनुबाईला मात्र एक गोष्ट माहीत होती. धुतलेल्या बाटल्या शेवटी याच शुद्ध पाण्यानं विसळून उन्हात पालथ्या घालायच्या. पूर्वी त्या लख्ख वाळायच्या. हल्ली त्यांच्या तोंडाशी पांढरं कडं उमटायचं, अगदी फिकं. ती फडक्यानं पुसून टाकायची. जनाला दिसलं तर तीही पुसायची. साहेबांना काट्यानं दोन सांगितलं असताना बाटली धुणाऱ्या बाईनं वेगळं सांगायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वैशाखात पटकी पेटली. जवळच्या लोधिवलीत एका आठवड्यात घरोघरी माणसं आडवी झाली. बाटल्या गेल्या. आणि चार दिवसांत त्यातल्या निम्म्या परत आल्या, सोबत तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी. सलाइन चढवलं की रोगी हुडहुडी भरून खाटेवरून उडतो. दोघं त्यातच गेले. या बाटल्यांत काय घातलं आहे?

साहेबांचं तोंड उतरलं. त्यांनी तिथल्या तिथे फाटकाला कुलूप घातलं. दोष सापडेपर्यंत बाटली बाहेर जाणार नाही आणि माणूसही. बाहेर पटकी आहेच, तेव्हा जना, जिजा, तुम्हीही इथेच राहा. मग त्यांनी सगळ्यांसमोर भट्टीच्या तोंडाखाली स्वतः बाटली धरली, त्यातलं थोडं पाणी पेल्यात ओतलं आणि खटका दाबला. काटा दोनावर थांबला. साहेबांनी त्या बाटलीला बूच मारून लाखेची मोहर केली.

"पाणी इथपर्यंत चांगलं आहे," ते म्हणाले. "म्हणजे बिघडतं ते इथून पुढे. पाण्याच्या बरण्या इथून बाटल्या भरायच्या खोलीत कोण नेतं?"

चांगो नेत होता. दुसरं कोण नेणार? दोन दोन बरण्या कावडीला लावून तोच रोज नेत होता.

"मी कायपन घातला नाय," चांगो म्हणाला. त्यानं एकदाच सांगितलं. ठाकर माणूस, मोहाची दारू गाळत असेल, हात घाणेरडे असतील, कुणाच्या तरी चिथावणीनं मुद्दाम केलं असेल. लढाईच्या दिवसांत संशयाला खाद्य लागत नव्हतं. साहेबांनी त्याला लाकडांच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि फाटकाबाहेरून जाणाऱ्या एकाच्या हाती कर्जतला फौजदाराकडे निरोप पाठवला.

त्याच दुपारी सोनुबाई पेला धुवायला बसली. पत्रे पाण्यातून वर काढून आज पहिल्यांदा निरखले तर त्यांच्यावर पाणी ठरेना. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं ते थेंब थेंब होऊन घरंगळलं. तिनं पुन्हा बुडवून काढले. पुन्हा तेच. नख लावून बघितलं. नखात पिवळट काहीतरी आलं. तिनं ते बोटांत चोळलं आणि वास घेतला.

तो वास तिच्या नऊ वर्षांच्या सकाळींचा होता.

ती तिथेच फरशीवर बसली. सगळं एका क्षणात समजलं. काटा आंधळा झाला होता आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला होता तिनं. पाणी महिनोन् महिने खराब जात होतं. लोधिवलीचे ते दोघं! आणि खोलीत कोंडलेला तो बिचारा! उठून साहेबांना सांगावं, आत्ताच्या आत्ता. ती उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली. मग तिला दीर दिसला, चुलीपाशी भाकरी मोडणारा. गावच्या विहिरीवर एकमेकींना कोपर मारणाऱ्या बायका दिसल्या. रांडमुंड बाईनं कुंकवाशी खेळ केला आणि माणसं मारली. आतून लावायची ती कडी दिसली. ती परत वळली आणि पेला जागेवर ठेवून बाहेर आली.

पहिला दिवस गेला. फाटकाबाहेर आंब्याखाली चांगोची बायको ठकी येऊन बसली होती. तिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत की टाहो फोडला नाही. फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी फाटकाच्या गजांतून आत केली आणि म्हणाली, "बाय, येवढी त्याला दे. पानी देतात ना त्याला?"

"देतात गं. मी सोता देते."

सोनुबाई भाकरी घेऊन लाकडांच्या खोलीशी गेली. खिडकीला आडवे दांडे होते. आत अंधार, लाकडाचा कुबट वास आणि वैशाखाची धग. चांगोनं भाकरी घेतली, पण तोंडात घातली नाही.

"बाय, नळी गुळगुळ करती असा मी बोललो व्हतो का नाय?"

"बोलला व्हतास."

"तू तवा हुबी व्हतीस."

"व्हते रं."

"मंग येवढाच सांग फौजदाराला. चांगो आधीच बोलला व्हता, येवढाच."

"सांगन," ती म्हणाली. पण तेवढ्यानं काय होणार? काटा दोन म्हणतो तोवर चांगोच्या कानाला कोण विचारतो? हे तिला ठाऊक होतं, आणि त्याला नव्हतं. तिला त्या खिडकीशी उभं राहवेना.

दुसरा दिवस त्याहून वाईट गेला. कुंपणाच्या आत सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते. जनाला घरी तान्हं पोर होतं, तिचा पान्हा दाटून येत होता आणि ती फाटकाला डोकं टेकून रडत होती. "त्या मेल्या ठाकराच्या पायी," ती म्हणाली. जिजानं मान डोलावली. सोनुबाईनं त्या दिवशी तीनदा पाणी नेऊन दिलं आणि तीनदा खिडकीकडे न बघता परत आली. कोंडलं होतं चांगोला, पण त्याला निदान दार दिसत होतं. हिचं दार कुठे होतं? बोललं तर जायला जागा नाही, न बोललं तर राहायला जागा नाही. आणि काटा पेटीत बसून सगळ्यांना दोन, दोन असं सांगत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की फौजदार दुपारी येतील. तेव्हा मात्र तिचा धीर सुटला, की आला, कोण जाणे. ती काट्याच्या खोलीत गेली. साहेब एकटेच होते.

"साहेब, काटा खोटा हाय."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ती पुढे झाली, पेल्यातून पत्रे वर काढले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. पाणी घरंगळून गेलं.

"याच्यावर मेन हाय. कुंकवाच्या खालचा. दसऱ्याच्या दिशी मीच लावला. कुंकू पुसला, मेन ऱ्हायला."

साहेबांनी कापसावर स्पिरिट घेऊन पत्रे घासले. बराच वेळ घासले. कापूस पिवळा झाला. मग ताजं पाणी घेतलं, पत्रे बुडवले, खटका दाबला. काटा दोनावरून गेला, पाचावरून गेला, तांबड्या रेघेला न जुमानता पुढे पुढे सरकत अठरावर जाऊन थरथरत उभा राहिला.

साहेब खुर्चीत बसले. खण उघडून त्यांनी ते मुंबईचं पत्र बाहेर काढलं, वाचलं नाही, नुसतं बघितलं.

"सात महिने," ते हळूच म्हणाले. "सोनुबाई, सात महिने मी या आकड्याखाली सही केली आहे."

"मंग चांगोला सोडा, साहेब."

"चांगोला सोडलं तर कुणाला धरायचं?" साहेबांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मला? का तुम्हाला? हे बघा, काटा आता बरोबर झाला आहे. उद्या मी भट्टी उघडतो, दुरुस्त करतो. खराब बाटल्या सगळ्या ओतून देतो. यापुढे कुणाला काही होणार नाही. झालं ते परत येत नाही. चांगो काय, चार सहा महिन्यांनी सुटेल आणि रानात जाऊन राहील. त्याला वाडी आहे, माणसं आहेत. तुम्ही कुठे जाल?"

उत्तर साहेबांना माहीत होतं, म्हणून तर त्यांनी विचारलं होतं.

"आणि कुंकू कुणी लावलं, हेही मग मला सांगावं लागेल," ते म्हणाले. त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

फौजदार आले ते घामानं निथळत. पडवीत खुर्ची टाकली, टोपी काढली, पंखा मागितला. चांगोला बाहेर आणून हात दोरीनं बांधून उभा केला. उजेडानं त्याचे डोळे मिटत होते. फाटकापलीकडे ठकी उठून गज धरून उभी राहिली. साहेबांनी लिहून ठेवलेलं वाचून दाखवलं. भट्टीपाशी पाणी निर्दोष होतं, काट्यानं दोन दाखवलं, पुढे ते या इसमाच्या ताब्यात गेलं. वाचून झाल्यावर कागद सोनुबाईपुढे सरकवला.

"काटा वाचणारी ही बाई," साहेब म्हणाले. "हिचा अंगठा घ्या."

शिपायानं तिचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला. अंगठा काळा झाला. आता तो कागदावर टेकायचा, एवढंच. मग फाटक उघडेल, जना पोराकडे जाईल, आपली खोली आपल्याला राहील. तिनं चांगोकडे पाहिलं. तो तिच्याकडे आशेनं बघत होता. नळी गुळगुळ करते हे ती आता सांगेल, असं त्याला वाटत होतं!

तिनं अंगठा लुगड्याला पुसला.

"फौजदारसाहेब, काट्याचा ऱ्हाऊ द्या. ती मोहर केलेली बाटली फोडा. साहेबांनी आपल्या हातानं भट्टीखाली धरली व्हती, चांगोनं शिवली बी नाय."

"सोनुबाई," साहेब म्हणाले.

"फोडा. नि त्याचा थेंब वाळवून बघा. आमी बाटल्या धुनाऱ्या बाया रोज बघतो. जनाला इचारा, जिजाला इचारा."

फौजदाराला पाण्यातलं काही कळत नव्हतं, पण मोहर फोडण्यात त्याला रस वाटला. भरायच्या खोलीतल्या कपाटात मागल्या भादव्यातली एक बाटली उरली होती, साध्या शुद्ध पाण्याची. सोनुबाईनं तीही आणली. काचेचा एक तुकडा पडवीच्या कठड्यावर उन्हात ठेवला. त्यावर एका टोकाला जुन्या बाटलीतला थेंब, दुसऱ्या टोकाला मोहरेच्या बाटलीतला. वैशाखाचं ऊन ते. सगळे वाकून बघत राहिले, साहेब सोडून. जुना थेंब आटला आणि काच जशी होती तशी राहिली. दुसरा थेंब आटला आणि त्याच्या जागी चुन्यासारखं पांढरं कडं उमटलं.

"आगं बया," जना म्हणाली, "ह्याच तर आमी पुसत व्हतो!"

फौजदारानं त्या कड्यावरून बोट फिरवलं, मग साहेबांकडे बघितलं. "हे भट्टीतूनच असं येतंय. मग काटा दोन कसा दाखवतो?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सोनुबाईला कळलं की इथेही थांबता येईल. चांगो सुटल्यात जमा होता. यंत्र जुनं, बिघडलं, एवढं म्हणून गप्प बसता येईल. पण तसं म्हटलं तर साहेब आज ना उद्या काटा बरोबर आहे असं दाखवून देतील, कारण तो आता बरोबर होता. ती आपल्या खोलीत गेली, ट्रंक उघडली आणि डबी आणून फौजदाराच्या मांडीशी ठेवली.

"काट्याच्या पत्र्यांना ह्या मेन व्हता. सकाळी साहेबांनी पुसला. त्यांनला इचारा, आता काटा किती दाखवतो."

फौजदारानं डबी उघडून बघितली. त्यालाही घरी बायको होती. "हे तर कुंकवाचं मेण. कुणाचं?"

"माजा."

त्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. जिजानं तोंडावर पदर घेतला.

"यंत्राला कुंकू मीच लावला. दसऱ्याला," सोनुबाई म्हणाली. तिनं खाली बघितलं नाही. कधी नव्हे ती तिची मान ताठ राहिली, आणि याचं तिलाच नवल वाटलं.

पुढे बरंच झालं. किल्ली मागितली गेली, काटा अठरावर जाताना फौजदारानं स्वतः बघितला. भट्टी थंड करून उघडली तर आतली तांब्याची जाळी, जी उकळतं पाणी अडवायची, ती झिजून निम्मी खाली पडलेली होती. वरून नवी कल्हई लख्ख. वर्षानुवर्षं सगळे भांडं चकाकतं की नाही एवढंच बघत होते. फौजदार मग साहेबांना घेऊन आतल्या खोलीत बसले. जाताना साहेब सोनुबाईपाशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सामान आवरून ठेवा."

चांगोची दोरी सोडली होती. फाटकाचं कुलूप काढलं तशी जना घराकडे पळत सुटली, जिजा तिच्या मागून. ठकी आत आली आणि चांगोची मनगटं हातात घेऊन चोळू लागली. तो तिच्याशी दोन शब्द बोलला, मग सोनुबाईकडे आला. ती ट्रंक बाहेर काढून तबेल्याच्या दारात उभी होती.

"बाय," तो म्हणाला, "तुला कधी कळला?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं?

"पयल्या दिशी," ती म्हणाली. "दुपारच्याला. पेला धुताना."

चांगोनं लाकडांच्या खोलीकडे पाहिलं. "मी त्या खोलीत व्हतो तवा."

"व्हय."

"भाकर तूच आनून देत व्हतीस."

"व्हय रं."

त्यानं मान हलवली, काही हिशेब पटल्यासारखी. भिंतीला टेकवलेला आपला कोयता उचलून कमरेला लावला. रागावला असता, शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. तो ठकीला घेऊन फाटकातून बाहेर पडला आणि दोघं वाडीच्या वाटेला लागली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

तीन दिवसांत पहिल्यांदाच फाटक सताड उघडं होतं. सोनुबाई ट्रंकेवर बसून त्याच्याकडे बघत राहिली.